आधी वसुली शिका, मग मध्यस्थी: पुण्यात कौटुंबिक वकिली करायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांच्या एलएलबीचं शेवटचं वर्ष सुरू आहे, पुण्यातच कौटुंबिक न्यायालयात काम करायचं आहे आणि भांडणापेक्षा मध्यस्थीची ओढ जास्त आहे. सनद मिळाल्याबरोबर ४० तासांचं मध्यस्थीचं प्रशिक्षण घेऊन थेट मध्यस्थ म्हणून सुरुवात करता येईल का? येत नसेल तर पहिली वर्षं कशी काढायची आणि पैशाचं काय?

थेट सुरुवात करू नका. न्यायालयाच्या मध्यस्थ यादीत येण्यासाठी अनेक वर्षांच्या वकिलीची अट असते, हे एक कारण आहेच. त्याहून मोठं कारण असं की तडजोड मोडते ती बहुतेक वेळा सही झाल्यानंतर, अंमलबजावणीत. ज्या वकिलाने हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, चालवलेली नाही, पोटगीच्या थकबाकीचं वॉरंट बजावून न होता परत आलेलं पाहिलेलं नाही, त्याला तडजोडीच्या मसुद्यातली भोकं दिसत नाहीत. त्याच्यासमोर दोन माणसं हात जोडून निघून जातात आणि दोन वर्षांनी त्याच कागदावरून नवं भांडण सुरू होतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पुरावा, मग वसुली, मग मसुदा आणि त्यानंतर मध्यस्थी.

मसुद्यापासूनच सुरुवात करतो, कारण या कामाचा गाभा तिथे आहे. समजा नवरा-बायको दोघेही हिंजवडीत नोकरीला आहेत, वाकडला दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, त्यावर गृहकर्ज आहे आणि सहा वर्षांची मुलगी आहे. परस्पर संमतीने वेगळं व्हायचं ठरलं. घाईत लिहिलेल्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटी, अशा असतात: ‘पतीने पत्नीस एकरकमी पोटगीपोटी रु. ३० लाख द्यावेत, फ्लॅट पत्नीच्या नावे करून द्यावा, मुलगी पत्नीकडे राहील व पतीस तिला भेटता येईल.’ वाचायला सगळं ठीक वाटतं. अंमलात आणायला गेलात की तिन्ही गोष्टी अडकतात.

पैशाचं बघा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटात, हुकूमनामा होईपर्यंत कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्ठा देवी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. सगळी रक्कम अर्ज दाखल करतानाच दिली तर देणारा उघडा पडतो. सगळी शेवटी ठेवली तर घेणारीला रात्रभर झोप लागत नाही. म्हणून टप्पे पाडायचे: उदाहरणार्थ १० लाख अर्ज दाखल होताना, १५ लाख दुसऱ्या मोशनच्या, म्हणजे दोघांनी न्यायालयात पुन्हा संमती सांगण्याच्या, दिवशी न्यायाधीशांसमोर आणि उरलेले ५ लाख फौजदारी गुन्हा दाखल असेल तर तो रद्द होण्याच्या दिवशी. प्रत्येक टप्प्यापुढे डिमांड ड्राफ्टचा नंबर, बँक आणि तारीख लिहायची. संमती मागे घेतली गेली तर पहिल्या टप्प्याच्या रकमेचं काय, हेही लिहायचं. ड्राफ्टची मुदत तीन महिने असते, हे विसरू नका. उत्साहाने पहिल्याच दिवशी काढून ठेवलेला ड्राफ्ट दुसऱ्या मोशनला शिळा होतो आणि त्यामुळे आणखी एक तारीख पडते.

अर्ज आणि दुसरं मोशन यांच्यामधला सहा महिन्यांचा थांबा माफ करून मागता येतो, पण हक्काने नाही. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने त्यासाठी कसोट्या घालून दिल्या. अर्ज दाखल करण्याआधीच दीड वर्षाचं विभक्त राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी आणि मुलांचा ताबा खरोखर ठरलेला असावा आणि थांबण्याने त्रासच वाढणार असावा. ‘दोघांनाही घाई आहे’ एवढ्यावर अर्ज लिहिला तर तो फेटाळला जातो, आणि तसं होणं योग्यच आहे.

आता फ्लॅट. बँक तुमच्या कन्सेंट टर्म्सना बांधील नसते, कारण ती पक्षकारच नाही. हुकूमनाम्यात ‘यापुढे कर्ज पत्नी फेडेल’ असं लिहिलं तरी बँकेच्या लेखी दोघेही कर्जदार राहतात आणि हप्ता चुकला की नवऱ्याचा सिबिल स्कोअर पडतो. म्हणून सही होण्याआधी पत्नीच्या एकटीच्या उत्पन्नावर कर्ज बसतं का, याचं बँकेचं मंजुरीपत्र हातात घ्या. बसत नसेल तर ते कलमच कोसळतं, मग फ्लॅट विकून रक्कम वाटून घेण्याचा मार्ग बघा. दुसरी गोष्ट नोंदणीची. जी स्थावर मालमत्ता मूळ अर्जाचा विषय नव्हती, ती नुसत्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने हस्तांतरित होत नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त करावा लागतो. इथे वेळेला फार किंमत आहे. नवरा-बायकोचं नातं कायम असताना राहत्या घराचं बक्षीसपत्र महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांकावर होतं. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की नातंच उरत नाही, मग तीच सवलत मिळत नाही. स्वकष्टार्जित फ्लॅटमधल्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र केलंत तर त्यावर खरेदीखतासारखा मुद्रांक लागतो, तो काही लाखांत जाऊ शकतो. पक्षकाराला हे आधी सांगितलं नाही तर नंतर तो विचारणार आणि त्याचं विचारणं रास्त असणार. सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट, थकीत मेंटेनन्स, वीज मीटरवरचं नाव आणि ताबा देण्याची तारीख, हे सगळं त्याच कलमात यायला हवं.

मुलीचं कलम सर्वांत काळजीने लिहा. ‘भेटता येईल’ म्हणजे काहीच नाही. पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी १० पासून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत, मुलगी कुठून घ्यायची आणि कुठे सोडायची, दिवाळीच्या सुट्टीचा कोणता अर्धा भाग कोणाकडे, मे महिन्यात किती दिवस, आजारी पडली तर बुडालेल्या दिवसाची भरपाई कधी, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी किती वाजता, हे सगळं लिहायचं. शाळेची फी थेट शाळेत भरायची की आईच्या खात्यात, पासपोर्ट कोणाकडे राहील, परदेशात नेण्याआधी किती दिवस कळवायचं, हेही हवं. पुण्यातल्या आयटी कुटुंबांत परदेशाचा मुद्दा हमखास निघतो आणि आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही. मूल एकदा बाहेर गेलं किंवा बाहेरून इथे आलं की रस्ता लांबचा होतो. आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलीचा हक्क सुटत नाही, हेही दोघांना तोंडी समजावून सांगा.

दागिन्यांची यादी तोळ्यांत आणि फोटोसह जोडा, लॉकर कोणत्या शाखेत आहे आणि कोणाच्या नावावर आहे ते लिहा. शेवटी चालू असलेल्या प्रत्येक प्रकरणाचा नंबर लिहा: पोटगीचा अर्ज, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज, गुन्ह्याचा एफआयआर नंबर, सगळं. विवाहितेच्या छळाचा ४९८-अ चा गुन्हा, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, नुसत्या पुरशिशीवर, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनावर, मागे घेता येत नाही. तो रद्द करायला दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात जावं लागतं. पुण्याची प्रकरणं मुंबईलाच जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आहेत, पुणे नाही.

हे सगळं पुस्तकातून येत नाही. ते ज्युनिअरशिपमध्ये हाताखालून जावं लागतं, म्हणून सिनिअर निवडताना एकच बघा: त्यांच्याकडे पुराव्यावर चालणारी प्रकरणं आणि वसुलीचे अर्ज आहेत का? नुसत्या संमतीच्या फायली चालणाऱ्या ऑफिसात तीन वर्षांत टायपिंग उत्तम येईल, उलटतपास येणार नाही. एलएलबीचा निकाल लागला की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करा. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क सर्वसाधारण गटासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. ती पुढे ढकलू नका.

पहिलं वर्ष शिवाजीनगरच्या कोर्टात पायपिटीचं असतं. रोज बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघा, रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद, वाचा, नक्कल काढायला स्वतः जा, समन्स का बजावलं गेलं नाही ते बेलिफच्या शेऱ्यावरून समजून घ्या. ‘पत्त्यावर राहत नाही’ आणि ‘घर बंद’ या दोन शेऱ्यांवर पुढचा अर्ज वेगवेगळा करावा लागतो. अर्जांचे प्रकार ओळखा: घटस्फोट, विवाह रद्दबातल ठरवणं, नांदायला येण्याचा अर्ज हे ‘ए’, मुलांचा ताबा ‘डी’, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ची, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ची पोटगी ‘ई’ आणि परस्पर संमती ‘एफ’. हद्दीचा गोंधळ ही नवख्यांची नेहमीची चूक. शहराबाहेर जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथले घटस्फोटाचे अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे आणि पोटगीचे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातात. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज पुण्यातही दंडाधिकाऱ्यांकडेच करतात. मात्र कौटुंबिक न्यायालयात आधीच प्रकरण चालू असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे तिथेही दिलासा मागता येतो.

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे पक्षकाराला वकील हक्क म्हणून मिळत नाही. वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. विवाह समुपदेशकांच्या खोलीत तर तुम्ही बाहेरच बसता. म्हणजे पक्षकाराला एकट्याने बोलायची तयारी करून देणं हे तुमचं काम. त्याला भाषण पाठ करून देऊ नका. तीन गोष्टी त्याच्या स्वतःच्या शब्दांत सांगता आल्या की पुरे: काय हवंय, का हवंय आणि काय झालं तर समेट चालेल. समुपदेशक रोज माणसं ऐकतात, पढवलेलं त्यांना लगेच ओळखू येतं.

पहिल्या भेटीत पक्षकाराला मनसोक्त बोलू द्या, पण उठताना हातात घटनाक्रम हवा. लग्नाची तारीख आणि ठिकाण, शेवटचं एकत्र कुठे राहिले, कोणत्या दिवशी वेगळे झाले, आधी कुठे तक्रार केली का, पोलिसांच्या भरोसा सेलला अर्ज दिला होता का. यातूनच हद्द, मुदत आणि कारण ठरतं. पोटगीच्या प्रकरणात रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. यात दिवस घालवा, कारण पोटगीची अर्धी लढाई तिथेच ठरते. पगारपत्रकावरचा निव्वळ आकडा लिहून मोकळं होऊ नका. फॉर्म १६, तीन वर्षांचे रिटर्न, बँक उतारे, व्हेरिएबल पे आणि कंपनीचे शेअर्स मिळत असतील तर त्यांचं वेळापत्रक, हे सगळं बघा. समोरच्याच्या शपथपत्रात अचानक वाढलेले कर्जाचे हप्ते किंवा भावाच्या खात्यावर वळवलेल्या रकमा शोधायला शिका. आपल्या पक्षकाराने काही लपवलं असेल तर तुम्हाला ते समोरच्या वकिलाच्या आधी कळलं पाहिजे.

पुराव्यात सध्या निम्मा वेळ मोबाइलवर जातो. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट छापून जोडणं पुरेसं नसतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग असतात आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखायचा सांकेतिक आकडा, द्यावी लागते. मूळ फोन जपून ठेवायला पहिल्याच दिवशी सांगा. फोन बदलताना चॅट उडाले की रडण्याशिवाय काही उरत नाही. चोरून केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल २०२५ मध्ये विभोर गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीमधलं असं संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकतं असं म्हटलं. पण तेवढ्यावरून प्रत्येकाला रेकॉर्डिंग करायला सांगत सुटू नका. ज्या घरात मूल राहतं तिथे आई-बाप एकमेकांवर टपून बसले तर नुकसान मुलाचं होतं.

वसुलीतली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कलम १४४ खालच्या पोटगीच्या थकबाकीसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. ‘आज ना उद्या देईल’ म्हणून थांबलेल्या बायका यात हजारो रुपये घालवतात. डायरीत दर दहा महिन्यांनी आठवण लावून ठेवा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) खाली दंडाधिकारी थेट मालकाला पगारातून रक्कम द्यायला सांगू शकतात. नोकरदार नवऱ्याच्या बाबतीत हा मार्ग वॉरंटपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दरम्यान पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर अर्ज करा. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं, त्यामुळे तिथे कौटुंबिक प्रकरणं भरपूर येतात. मध्यस्थी केंद्राचं कामकाजही तुम्हाला तिथूनच जवळून दिसेल. हिंदू कायद्यापुरते राहू नका. विशेष विवाह कायदा, मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, ख्रिश्चन आणि पारशी कायदे यांची मूळ कलमं वाचलेली असावीत. मृत्युपत्रं, वारस दाखले आणि पालकत्वाचे अर्ज यांनी ऑफिसचं भाडं निघतं, ती कामं कमी लेखू नका.

चार-पाच वर्षांनी स्वतःची प्रकरणं पुराव्यापर्यंत नेल्यावर ४० तासांचं प्रशिक्षण घ्या. तेव्हा ते खरं उपयोगी पडतं, कारण रोल-प्लेमध्ये तुम्हाला खरी माणसं आठवतात. मध्यस्थी अधिनियम २०२३ मध्ये आला, पण त्याची सगळी कलमं एकदम लागू झाली नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त काही कलमं लागू झाली, म्हणून एखाद्या कलमावर भिस्त ठेवण्याआधी अधिसूचना बघा. आणि खासगी मध्यस्थीत काहीही ठरलं तरी विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. नोटरीसमोरच्या स्टॅम्प पेपरवरची फारकत घेऊन दुसरं लग्न केलेली माणसं आजही येतात. जातीची रूढी म्हणून ती टिकवायची तर रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही.

मध्यस्थीच्या खोलीत पहिलं काम म्हणजे हिंसेची चौकशी, आणि ती दोघांना वेगवेगळं बसवून करायची. ‘तो समोर असताना तुम्हाला बोलायला भीती वाटते का?’ एवढा साधा प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. भीती असेल तर एकत्र बैठक नको. येण्याजाण्याच्या वेळाही वेगळ्या ठेवा. संरक्षण आदेश हा तडजोडीत सोडायचा मुद्दा कधीच होऊ देऊ नका. दोघं समान पातळीवर बोलूच शकत नसतील तर मध्यस्थी थांबवून प्रकरण परत पाठवणं हेच चांगलं काम.

आपल्याकडे निर्णय बऱ्याचदा खोलीबाहेर बसलेल्या माणसाच्या हातात असतो. मुलीचे बाबा, मुलाची आई, मध्यस्थी करून लग्न जमवणारे मामा. त्यांना पूर्ण वगळलंत तर घरी गेल्यावर ठरलेलं सगळं उसवतं. एका बैठकीत त्यांना ऐकून घ्या, त्यांचा मान राखा, आणि मग नम्रपणे बाहेर बसायला सांगा. स्वतंत्र बैठकीत ‘हे जमलं नाही तर पुढची तीन वर्षं कशी जातील?’ असं विचारा आणि हिशेब त्यांनाच कागदावर मांडू द्या. कायद्याचं मत तुम्ही देऊ नका, त्यासाठी त्यांचे वकील आहेत. ठरलं की त्याच दिवशी लिहा, मसुदा इंग्रजीत असेल तर मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवा आणि प्रत्येक पानावर सह्या घ्या. नाही ठरलं तर न्यायालयाला कळवायचं ते एवढंच: मध्यस्थी यशस्वी झाली नाही. कोण अडून बसलं, कोणी किती रक्कम देऊ केली, यातला एकही शब्द अहवालात जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोती राम प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. ज्या जोडप्याची मध्यस्थी केली त्यांचं वकीलपत्र नंतर कोणत्याही बाजूने घेऊ नका.

पैशाचं खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं घरच्यांचा आधार किंवा साठवलेले पैसे लागतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये देण्याची शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. रुजू होताना रक्कम आणि तारीख स्पष्ट बोलून घ्या, त्यात संकोच नको. न्यायालयाच्या मध्यस्थीत पक्षकार फी देत नाहीत, मध्यस्थाला मानधन मिळतं. त्यावर घर चालत नाही. स्वतःची फी टप्प्याटप्प्याने लेखी सांगा: दाखल करणं, अंतरिम अर्ज, पुरावा, युक्तिवाद. मिळणाऱ्या पोटगीचा टक्का मागणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि जाहिरातही बसत नाही. कौटुंबिक प्रकरणात पक्षकार दुखावलेला असतो, मधेच वकील बदलतो. तेव्हा फी बाकी असली तरी त्याची फाइल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ते सांगितलं आहे. यादी करून फाइल द्या, पोच घ्या आणि बाकीसाठी वेगळी नोटीस पाठवा.